सभेला न गेलेली सभासद

मी गाव सोडलं त्या दिवशी टँकर आला, आणि माय मला निरोप द्यायचा सोडून हंडे घेऊन पळाली.

तो टँकर खरं तर परवा यायचा होता. माय दारात उभी राहून माझ्या तळहातावर दही घालत होती, नाना सायकलच्या कॅरियरला माझी बॅग सुतळीनं आवळत होते, आणि तेवढ्यात वेशीकडून हॉर्न ऐकू आला. त्या वर्षी टँकर विहिरीत मोकळा करायचे आणि ज्याचा पोहरा आधी पडेल त्याचं पाणी. मायनं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा रस्त्याकडं. म्हणाली, "जा मग. पोचलीस की फोन कर." मी तळहात चाटून पुसेपर्यंत ती शेजारच्या शांताकाकूचं घर ओलांडून गेली होती, दोन्ही काखांत रिकामे हंडे, पदर खोचलेला. दिंद्रुडच्या स्टँडवर एसटीची वाट बघताना नाना म्हणाले, "मनावर घिऊ नको. पानी काय तुझ्यासाठी थांबतंय व्हय." मी मनावर घेतलं नव्हतं. राग आला होता तो टँकरवाल्याचा.

आता हे सगळं लिहायचं कारण म्हणजे बाळू. बाळू दहावीपर्यंत माझ्या वर्गात होता, आज दिंद्रुडला त्याचं खतांचं दुकान आहे आणि शाळेच्या स्नेहमेळाव्याची स्मरणिका त्याच्या गळ्यात पडली आहे. त्याचे तीन फोन येऊन गेले. गावातनं जर्मनीला गेलेली पहिली मुलगी, ताऱ्यांवर संशोधन करते, पोरांना प्रेरणा मिळेल असं काहीतरी लिही, असं त्याचं म्हणणं. बाळू, प्रेरणेचं मला जमत नाही. जे लिहिता येतं ते लिहिते. छापायचं का नाही ते तू ठरव. कारखान्याच्या त्या सभेला तूही होतास.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. माझे वडील, नाना, आपल्या भागातल्या सहकारी साखर कारखान्यात पॅनमन होते. पॅन म्हणजे दोन मजली घराएवढं लोखंडी भांडं. हवा काढून घेऊन त्यात उसाचा पाक उकळतात, आणि नेमक्या वेळी त्यात साखरेचं बारीक बी सोडतात. त्या बियांभोवती दाणा धरतो. बी लवकर पडलं तर विरघळून जातं, उशिरा पडलं तर सगळा पाक नासतो. ती वेळ ओळखणं हे नानांचं काम. ते थोडा पाक काचेच्या पट्टीवर घ्यायचे, उजेडाकडं धरायचे, मग अंगठा आणि बोटामध्ये तार काढून बघायचे. दोन वर्षं साहेबांनी मोजायची यंत्रं आणून बघितली, शेवटी विचारायचे नानांनाच.

सुट्टीच्या दिवशी त्यांचा डबा पोचवायला मी जायची. पॅनला एक गोल काच असते, तिच्यातून आतला पाक दिसतो. नाना मला उचलून धरायचे आणि दाखवायचे, "बघ, कडंच्या नळ्यांतनं वर येतंय, मधल्या मोठ्या नळातनं खाली जातंय. वर आलं, गार झालं, खाली गेलं. हे फिरनं थांबलं की माल गेला." माझं पुढचं सगळं शिक्षण त्या काचेतून सुरू झालं असं मी मुलाखतीत सांगते. ऐकणाऱ्यांना ते आवडतं. खरंही आहे, म्हणून सांगताना जास्त लाज वाटते.

मी एम.एस्सी. झाले तेव्हा नानांनी पेढे वाटले आणि कुणाला न विचारता आणखी एक काम केलं. कारखान्याचा त्यांचा एकुलता एक शेअर माझ्या नावावर करून टाकला. वरासाठी हुंडा जमवायचा सोडून हे काय, असं भावकीनं विचारलं. नाना म्हणाले, "लेकीचं नाव कारखान्याच्या बुकात राहू द्या." सभासदांना दिवाळीला जी साखर मिळते तिच्या कार्डावर तेव्हापासून माझं नाव. माय ते कार्ड घेऊन रांगेत उभी राहायची आणि शेजारणीला सांगायची, ही साखर माझ्या पोरीची. लांब कुठंतरी बसून मला ते फार गोड वाटायचं. त्या सहीनं नानांनी स्वतःचं काय घालवलं, हे तेव्हा आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

इथं जर्मनीत मी एका नदीकाठच्या शहरात राहते. पहिल्या सुट्टीवरून परत आले तेव्हा घरमालकीण म्हणाली, घर बंद होतं ना, आता सगळे नळ पाच मिनिटं सोडून ठेव, पाइपात पाणी शिळं होतं. मी हो म्हणाले आणि नळाखाली बादली ठेवली. बादली भरली, मग पातेलं भरलं, मग जेवायचे डबेसुद्धा भरले. शेवटी स्वयंपाकघरात भरलेल्या भांड्यांच्या मध्ये उभी राहून मी खूप रडले. त्या पाण्याचं करणार काय, झाडसुद्धा नव्हतं माझ्याकडं. आता मी नळ सरळ मोरीत सोडते आणि तेवढा वेळ गॅलरीत जाऊन थांबते.

माझं काम थोडक्यात सांगते. काही तारे ठरावीक वेळानं फुगतात आणि आकसतात, तसा त्यांचा उजेड कमी-जास्त होतो. त्यांना रूपविकारी तारे म्हणतात. ताऱ्याच्या बाहेरच्या अंगाला हेलियमचा एक थर असतो, तो दाबला गेला की आतली उष्णता कोंडून धरतो. कोंडलेली उष्णता वरच्या थरांना ढकलते, तारा फुगतो. फुगला की थर मोकळा होतो, उष्णता निसटते, तारा परत बसतो. पण थोड्या गार ताऱ्यांत तो थर जोरात उकळतो. खालचं गरम वर, वरचं गार खाली. त्या उकळण्यातून उष्णतेला बाहेर पडायची वाट मिळते, आणि तारा फुगायचा थांबतो. नक्की कुठल्या ताऱ्यापाशी ही सीमा येते, ते आम्ही कॉम्प्युटरवर तारा बनवून शोधतो. बनवलेला तारा आपण होऊन हलत नाही, तसाच बसून राहतो. म्हणून सुरुवातीला त्याला एक धक्का द्यावा लागतो. मग शेकडो फेरे बघत बसायचं, धक्का वाढत जातो का विरतो.

हे मी फोनवर सांगितलं तेव्हा नानांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मंजी वाफ कोंडली तरच झाकन उडतंय. वाट सापडली तर कशाला उडंल." मला हे समजायला एक अख्खं सेमिस्टर लागलं होतं.

माझ्या फेलोशिपच्या शेवटच्या वर्षी, सप्टेंबरात, नानांचा फोन आला. पाऊस लागोपाठ हुकला होता, ऊस नव्हता, दोन हंगाम चिमणी पेटली नव्हती. तरी नाना रोज सायकलवर कारखान्याच्या गेटपर्यंत जायचे, इतर कामगारांबरोबर बसायचे आणि संध्याकाळच्या आत परत यायचे. फोनवर म्हणाले, "सभंची नोटीस आलीय. तुझ्या नावानं आलीय. मशिनरी मोडीत काढायचा ठराव हाय. पाऊस न्हाई, ऊस न्हाई, म्हनून कारखानाच नको म्हंतेत. पाऊस आज न्हाई, उद्या पडंल. कापलेला पॅन कुनी परत जोडून देतंय का?"

मी म्हणाले, तुम्ही बोला की सभेत.

"मी कोन बोलनार? मी सभासद न्हाई. शेअर तुझ्या नावावर हाय. माझं तोंड तुझ्याकडं हाय, बाई. तूच ये."

सहकारी सभेत दुसऱ्याच्या वतीनं बोलता येत नाही, चिठ्ठी चालत नाही, सभासदानं स्वतः हजर राहून उठावं लागतं. हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मी म्हणाले, माझ्या एकटीच्या मतानं काय होणार आहे, पुढच्या रांगांत मंजूर मंजूर म्हणणारी माणसं आधीच आणून बसवलेली असतात. नाना म्हणाले, "एक उठला की धा उठतेत. पैला उठत न्हाई, तिथंच घोडं अडतंय. तू शिकलेली हायस, तुला खाली बस म्हनायला त्यांची जीभ कचरंल. चार दिसाचं तर काम हाय."

चार दिवसांचं काम होतं. मी गेले नाही.

का गेले नाही ते लिहिते, सफाई म्हणून नाही. मी तेव्हा अगदी सीमेवरचा तारा चालवत होते. धक्का दिलेला होता आणि फुगणं फेऱ्याफेऱ्याला कमी होत होतं, पण पूर्ण विरत नव्हतं. मध्येच गणित अडकायचं आणि रन बंद पडायचा, मग मागच्या जतन केलेल्या जागेवरून परत सुरू करायला कुणीतरी हवं. सुपरकॉम्प्युटरवरचा आमचा वेळ महिनाअखेरीला संपत होता, माझी फेलोशिप डिसेंबरात. हे सगळं खरं आहे. आणि शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला मी चार दिवस लक्ष ठेवायला सांगू शकले असते, त्यानं आनंदानं ठेवलं असतं, हेही खरं आहे. मी त्याला विचारलंच नाही. मला तो तारा सोडून जायचं नव्हतं. गावातल्या मंडपात, माइकसमोर, सगळ्यांच्या नजरा झेलत उभं राहायची मला भीतीही वाटत होती. नानांना मी म्हणाले, रजा मिळत नाही. ते म्हणाले, "बरं," आणि फोन मायकडं दिला.

सभेत काय झालं ते बाळूनं सांगितलं, नानांनी कधीच नाही. ठराव वाचला, पुढून मंजूर मंजूर झालं. तेवढ्यात मागून नाना उठले. व्यासपीठावरून कुणीतरी विचारलं, सभासद नंबर काय तुमचा? नानांनी माझा नंबर सांगितला. वही चाळून तो माणूस म्हणाला, "ह्या तर बाई दिसतेत. मग त्यांनाच यिऊ द्या की." मंडपात हशा पिकला. नाना थोडा वेळ तसेच उभे राहिले आणि खाली बसले. वाटलेला चहा निवायच्या आत सभा संपली. मी बाळूला विचारलं, तुझ्या नावावर शेअर होता ना रे? तो म्हणाला, "व्हता की. आमी बी बसूनच होतो. कुनी उठंना, मग मी कशाला उठू."

त्याच आठवड्यात माझा तारा विरला. पडद्यावरची लाट लहान होत होत सरळ रेघ झाली. आतलं उकळणं जोरात चाललेलं, पण बाहेरून तारा गप्प. सीमा कुठं आहे ते त्यामुळं कळलं. त्यावर पेपर झाला आणि त्या पेपरवर मला इथं कायमची नोकरी मिळाली. अभिनंदनाचा पहिला मेसेज बाळूचाच होता.

मी स्वतःची कितीही समजूत घातली तरी एक गोष्ट मनातून जात नाही. आमच्या वर्गातली निम्मी मुलं पुण्याला गेली, कुणी हैदराबादला, दोघं गेवराईकडं वाळूच्या गाड्यांवर, मी सगळ्यांत लांब. गावात जी काही धग होती ती आम्हीच बाहेर घेऊन आलो. दरवर्षी थोडी थोडी निसटत राहिली. मग मंडपात कोंडणार काय आणि उसळणार कोण? आम्हाला वाट सापडली आणि त्या वाटेचं आम्ही कौतुक करून घेतलं. माझ्या पेपरमध्ये हेच लिहिलं आहे, फक्त माणसांच्या जागी हेलियम आहे.

पॅन गॅस कटरनं कापून ट्रकमध्ये भरले तेव्हा नाना तिथं होते का, मला माहीत नाही. विचारायचा धीर झाला नाही. फोनवर ते पिकापाण्याचं बोलायचे, माय गुडघ्यांचं. पुढच्या हिवाळ्यात त्यांच्या मागं ट्रॅक्टरचा आवाज यायला लागला. रानात हाय, म्हणायचे. मी खरं मानायची. आमच्या रानात त्या वर्षी ट्रॅक्टर घालण्यासारखं काही नाही, हे मला सुचायला हवं होतं.

त्याच डिसेंबरात मी न कळवता गेले. घराला कुलूप होतं. शांताकाकू बाहेर आल्या, मला बघून त्यांचा चेहरा कसनुसा झाला. "दिवाळी झाली की टोळीसंगं गेलेत की दोघं, ऊस तोडाया. तुला ठावं न्हाई?"

आपल्या गावातनं निम्मं गाव ऊस तोडायला जातं, त्यात नवल नाही. पण नाना जन्मभर साखरेच्या दुसऱ्या टोकाला उभे होते. आणि तोडणीला एकटा माणूस घेत नाहीत. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, तो तोडणार, ती मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत नेणार. म्हणजे नाना गेले तर मायला जावंच लागलं, त्या गुडघ्यांनिशी. मी पाठवलेले पैसे बँकेत तसेच पडून होते हे काकूंनीच सांगितलं. पोटासाठी गेले असते तर मला निदान कारण कळलं असतं.

काकूंकडून ठिकाण विचारून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी बीडहून जीप केली. चौसाळ्याच्या पुढं हायवेवर उसाचे ट्रॅक्टर लागले ते शेवटपर्यंत सोबत होते. दुपारी उसाच्या फडात पोचले. नानांनी मला लांबूनच ओळखलं, पण धरलेली सरी पुरी केल्याशिवाय थांबले नाहीत. माय मोळी बांधत होती. उसाच्या पाचटानं तिचे हात कोपरापर्यंत चिरलेले. ती म्हणाली, "कशाला आलीस एवढ्या लांब?" आवाजात राग नव्हता.

नानांना मी विचारलं, कशासाठी हे? ते उसाच्या ढिगावर टेकले. "घरी बसून काय करू? थंडी पडली की कान भोंग्याकडं जातेत. गावात भोंगा न्हाई ऱ्हायला. हितं तीन येळा वाजतोय." मग म्हणाले, "इथल्या पॅनवर काम इचारून आलतो. आता समदं कॉम्प्युटरवर हाय म्हनले. येक पोरगं पडद्याम्होरं बसतंय, बी आपोआप सुटतंय. तुझ्यावानीच." आणि ते हसले.

मी म्हणाले, माझ्याकडं चला दोघंही. नाना म्हणाले, "तिथं मी काय करू, ते सांग."

मग जे बोलायला आले होते ते बोलले. म्हणाले, नाना, मी सभेला यायला पाहिजे होतं. नानांनी कोयत्याचं पातं अंगठ्यानं चाचपलं. विचारलं, "त्या येळंचा तुझा तारा झाला का?"

"झाला. विरला तो."

"मग?"

"मग दुसरा चालवला, जास्त धक्का देऊन. मग तिसरा."

"मंजी परत चालवता येतंय."

"येतंय."

"बरं हाय," ते म्हणाले. टोमणा नव्हता. एका कारागिरानं दुसऱ्याच्या कामाची सोय बघावी तसे म्हणाले. त्यांनी मला चार शिव्या दिल्या असत्या तर मी त्यांचे पाय धरले असते. मी उठले असते तर खरंच दहा जण उठले असते का, हे मला मरेपर्यंत कळणार नाही. धक्का दिला असता तर काय झालं असतं ते बघायला ती सभा पुन्हा भरवता येत नाही.

टोळीचा मुकादम मोटरसायकलवरून आला. माझे बूट आणि बॅग बघून त्यानं विचारलं, "ह्या कोन?"

नाना वाकून दुसरी सरी धरत होते. म्हणाले, "पाव्हनी हाय."

मायनं वर बघितलं आणि परत मोळीचा आळा आवळला. तिनं ते दुरुस्त केलं नाही. मुकादम म्हणाला, पाव्हनीला च्या तरी पाजा, आणि निघून गेला. तेव्हा माय मला त्यांच्या पाचटानं शाकारलेल्या कोपीत घेऊन गेली, चूल पेटवली, टोळीतल्या कुणाकडून तरी कानवाला कप मागून आणला. मला पोत्यावर बसवलं आणि स्वतः उभी राहिली. मी चहा प्याले.

इथं जर्मनीत ऑफिसात कुणी घर कुठं म्हणून विचारलं तर मी अजून गावाचं नाव सांगते, नकाशावर दाखवते. पण आता मला वाटतं, जिथं आपल्याला उठून बोलायचा हक्क असतो तेच घर, आणि त्या हक्काला ठरलेली तारीख असते. माझ्या हक्काची तारीख येऊन गेली, तेव्हा मी एका रेघेकडं बघत बसले होते. त्या दिवशी फडात जीपवाला हॉर्न द्यायला लागला तेव्हा मी कप धुऊन पालथा ठेवला, दोघांच्या पाया पडले आणि "येते" म्हणाले. आपल्याकडं अशा वेळी पाहुण्यालाही "ऱ्हा की आजच्या दिस" म्हणतात. मी जरा थांबले. कुणी म्हणालं नाही.